मॅडमचा परत आलेला पेपर

एमआरआयच्या खोलीत शिरताना अंगावरचं सगळं लोखंड बाहेर ठेवावं लागतं. बोलणं मात्र कुणी बाहेर ठेवत नाही! मी तिथं पेशंटला आत-बाहेर नेणारा मामा, त्यामुळं किस्से साठत गेले. हे सगळे आमच्या संशोधन करणाऱ्या मॅडमच्या एका पेपरचे.

आमच्या सोलापूरच्या मशीनवर मॅडम नुसत्या फोटोच्या पुढचं काम करायच्या. मेंदूतल्या एका चौकोनात कुठलं रसायन किती, ते डोंगरासारख्या रेघांवरनं ओळखायचं. दोन वर्षं खपून पेपर परदेशी मासिकाकडं पाठवला, तो परत आला! 'तपासणी नेहमीच्या पद्धतीनं केली' असं मॅडमनी त्यात लिहिलेलं. मासिकवाल्यांनी विचारलं, "नेहमीची म्हणजे कोणती? दुसऱ्याला तश्शीच करता आली पाहिजे." सोबत प्रश्नांची ही लांब यादी. महिन्यात उत्तरं द्या, नाहीतर पेपर बाद.

*

पहिला प्रश्न, चौकोन नेमका कुठं ठेवला?

मशीन चालवणारा इरण्णा म्हणाला, "जरा डावीकडं की, मॅडम."

"जरा म्हणजे किती?"

"भाजीत मीठ टाकतो तेवढं!"

मॅडम हसल्या नाहीत. बिचाऱ्या आठवडाभर मशीनमधल्या जुन्या नोंदी काढून एकेक चौकोन मोजत बसल्या.

*

मग, किती तपासण्या टाकून दिल्या आणि का?

"सहा," इरण्णा म्हणाला. "पण लिहू नका. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की, इरण्णा."

सहाही लिहिल्या. त्यातले एक मंगळवेढ्याचे आजोबा. मशीन धडधडायला लागलं तसे आतनंच ओरडत उठायला लागले, "आरं मोटार बंद करा, हिरीत पानी न्हाय!"

मॅडमनी कारण लिहिलं: रुग्ण हलला.

*

एका प्रश्नाशी मात्र गाडी अडली. बाकीचे पेशंट हलू नयेत म्हणून त्यांना काय सांगितलं? इरण्णानं माझ्याकडं बोट केलं.

मी म्हणलं, "मॅडम, हलू नका म्हणलं की माणूस हलतोच. मी सांगतो, डोळं मिटा. मनातल्या मनात घरापास्नं शेतापर्यंत चालत जा. सावकाश. कुणी भेटलं तर रामराम करा, पर मान हलवू नका."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मामा, हे कसं लिहू?"

"करतो तसंच लिवा की."

त्यांनी लिहिलं.

पुढं एक दिवस मॅडम पळतच आल्या. मासिकानं पेपर घेतला होता! सोबत पेपर तपासणाऱ्या बाईंचा एक प्रश्न होता. त्यांना तिकडं आमच्यासारखंच करून बघायचं होतं. मॅडमनी तो मला मराठीत सांगितला:

"आमच्या पेशंटना शेत नाही. त्यांनी कुठं चालत जायचं?"