काठी कुणाची वाजली

वडिलांचं डोकं फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चौथी झाली होती, शाळा सुटली होती, शेळ्या माझ्याकडे आल्या होत्या. आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. लढाई चालू होती आणि रॉकेल मिळत नव्हतं, त्या वर्षाचं याहून जास्त मला सांगता येत नाही.

शेत नदीच्या पलीकडे होतं. पात्र इतकं रुंद, की पलीकडून कुणी हाक मारली तर सूर कळायचा, शब्द कळायचे नाहीत. त्या दुपारी मी अलीकडे शेळ्या राखत होते आणि वडील पलीकडे बांधावरची बाभळ तोडत होते. बांध आमचा आणि चुलत्यांचा, त्यामुळे बाभळही दोघांची. दोन्ही चुलते काठ्या घेऊन आले. वडील त्यांच्याशी काहीतरी बोलले आणि पाठ फिरवून परत बाभळीकडे वळले. थोरल्याची काठी वर गेली, खाली आली. आवाज आला नाही. लगेच धाकट्याची वर गेली. ती खाली आली आणि वाळकं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. वडील गुडघ्यांवर बसले, मग तोंडावर पडले. चुलते चालत गेले, पळाले नाहीत.

वडील मेले नाहीत. मेले असते तर पोलीस आले असते. वाचा गेली, उजवं अंग गेलं, आणि कुणी मारलं हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिरजगावाहून माझे दोन मामा आले. त्यांनी वडिलांना उघडं करून बघितलं. डोक्यावर एक जखम, खांद्यावर एक काळानिळा वळ. म्हणजे एक काठी डोक्यात बसली होती, दुसरी खांद्यावर.

"डोस्कं फोडलं त्याचाच हात मोडायचा," मोठा मामा म्हणाला. "दोघांचे मोडले तर दोन्ही घरची मानसं भाकर मागायला आपल्या भनीच्याच दारात येतील."

मग मला पुढ्यात बसवलं.

"पोरी, तुझ्या बोलण्यावर एकाचा हात जाणार हाय. नीट सांग. कुणाची काठी डोस्क्यात बसली?"

"धाकल्या काकाची."

"कशावरनं?"

"तीच वाजली. थोरल्याची वाजलीच न्हाई."

"वकील हाय पोरगी," धाकटा मामा म्हणाला.

त्यांनी धाकट्या चुलत्याला खळ्यावर गाठलं, सगळ्यांच्या देखत. एक मामा त्याच्या छातीवर बसला. दुसऱ्यानं त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं मनगट ठेचलं. तीन घाव घातले. मी पाच-सहा पावलांवर उभी होते. कुऱ्हाड पडत होती आणि हाड वाजत होतं, दोन्ही एकाच वेळी. थोरला चुलता खळ्याच्या कडेला उभा होता. तो बघत राहिला. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

महिनाभरानं मी परत शेळ्या घेऊन नदीवर होते. पलीकडे एक बाई दगडावर घोंगडी टाकून काठीनं बडवत होती. तिची काठी पडली, आवाज नाही. दुसऱ्यांदा पडली तेव्हा पहिला आवाज आला. ती मारत राहिली, तोवर सगळं बरोबर वाटलं. मग ती थांबली, काठी खाली ठेवली आणि पदर सावरायला लागली. तिचे दोन्ही हात पदरावर होते तेव्हा आणखी एक आवाज आला.

मी तिथंच बसले. तिनं परत मारायला घेतलं, तेव्हा मी डोळे मिटून नुसतं ऐकलं, मग कानात बोटं घालून नुसतं बघितलं. वेगवेगळं केलं की काही चूक सापडत नव्हती. दोन्ही उघडे ठेवले की डोकं आपलं आपण जोडून टाकायचं. आवाज येतो तेव्हा समोर जो हलताना दिसतो, डोकं तो आवाज त्याच्या नावावर करतं. जवळ असलं तर ते खरं असतं. लांबून आवाजाला यायला वेळ लागतो, हे डोक्याला कळत नाही. मला ऐकू आलेली काठी थोरल्याची होती.

आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं तर तिनं पिठाच्या हातानं माझ्या थोबाडीत मारली.

"हे कुनाम्होरं बोललीस तर जीभ डागीन. मामा एकाचे दोन करतील आन् तुरुंगात जातील."

मग मी धाकट्या चुलत्याकडे गेले. तो गोठ्यात डाव्या हातानं आणि दातांनी कासऱ्याला गाठ मारत होता.

"काका, तुमची काठी खांद्यावर बसली हुती. मी चुकले."

"मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "काठी माझीच व्हती न्हवं?"

"मग मामांस्नी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. मार खानारा तेच सांगतो म्हनाले." त्यानं दातातला कासरा थुंकला. "थोरल्यानं बोलायला पायजे हुतं. तो न्हाई बोलला."

"मी सांगते आता मामांस्नी."

त्यानं डाव्या हातानं कासरा परत उचलला.

"त्याला पाच लेकरं हायती. मला एक बी न्हाई. सांगू नकोस. आन् परत हितं येऊ नकोस, तुझं तोंड बघितलं की हात ठणकतो."

मी सांगितलं नाही. मामा गेले, आई गेली, तरी सांगितलं नाही. थोरला चुलता पिकून मेला, दोन्ही हातांनिशी. त्याच्या तेराव्याला पंगतीत धाकटा माझ्यासमोर बसला होता. थोरल्याच्या घरात नव्यानं आलेली एक सून वाढत होती. ती थबकली आणि म्हणाली, "मामंजी, डाव्या हातानं जेवताय?"

"सवय हाय," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी पानावरचं सगळं संपवलं आणि उठले.