आमच्या घरातली सूचना

माझं शिक्षण पाचवीपर्यंत. उभी हयात देवासला चामड्याच्या कारखान्यात गेली. गोड बोलायची सवय कधी लागली नाही. म्हणून जे झालं ते तसंच लिहितो.

बायकोला जाऊन आठ महिने झाले. घरात मुलगा, सून आणि नात. नात अकरावीत आहे. शाळा हिंदी, त्यामुळे तिची मराठी अर्धी हिंदीच. एक दिवस म्हणाली, "आबा, शनिवारी शाळेत माझं प्रेझेंटेशन आहे. घरच्यांना बुलावलंय. तुम्ही चला."

"कशावर बोलणार?"

"अभिव्यक्ति की आज़ादी और सूचना की शक्ति."

पहिलं मला कळलं नाही. दुसरं कळलंसं वाटलं. आमच्या मराठीत सूचना म्हणजे असं कर, तसं करू नको. मी म्हणालो, "सूचनेत कसली आलीय शक्ती? तुझ्या आजीला मी जन्मभर सूचनाच दिल्या. एक ऐकली नाही तिने."

एरवी नात हसली असती. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "पण तुम्ही याच."

गेलो. तिच्या आधी एक मुलगी बोलली. तिच्या गावात रेशनच्या दुकानाबाहेर फळा लावला, आलेला माल त्यावर लिहायला लागले, आणि दुकानदाराला 'माल आलाच नाही' म्हणता येईना. "यही सूचना की शक्ति है," ती म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीतली सूचना म्हणजे माहिती. खबर.

मग नात उभी राहिली. कागद हातात होता, पण त्यात बघितलं नाही.

"मेरी आजी को कैंसर था. घर में सबको पता था, आजी को छोड़कर. जिसे सूचना नहीं मिलती, वह ठीक से माँग भी नहीं सकता. आजी को पता होता, तो वे ज़िद करके अपनी बहन के पास धार जातीं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरून उठले नाहीत.

रिपोर्ट इंदूरच्या दवाखान्यात मिळाला होता, इंग्रजीत. नातीने तो व्हरांड्यात वाचून मला सांगितला. मी म्हणालो, आजीजवळ बोलायचं नाही. आमच्यात रोग्याला अशा रोगाचं नाव सांगत नाहीत. नाव घेतलं की रोग पाट मांडून बसतो, असं आई म्हणायची. बायकोला सांगितलं, पित्त आहे. मग ती नेमाने धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायची. रात्री मीच भिजत घालायचो.

तिचं माहेर धारचं. तिथे तिची थोरली बहीण, गुडघ्यांनी घरात बसलेली. चैत्रात तिच्या हळदीकुंकवाला ही दरवर्षी जायची. गेल्या वेळीही म्हणाली, "ताईकडे जाऊन येते." मी म्हणालो, "उन्हात हिंडायचं नाही. बरी हो, मग मी नेतो."

तेवढी एक सूचना तिने ऐकली. ज्येष्ठात गेली.

शाळेतून निघालो तेव्हा मी नातीला म्हणालो, "चारचौघांत आजोबाची अब्रू काढलीस."

"तुमचं नाव घेतलं का मी?" ती रस्त्यातच थांबली. "रिपोर्ट तर मीच वाचला होता, आबा. आजीने मला एकदा विचारलं, पित्ताने एवढं वजन जातं का गं? मी म्हटलं, हो, जातं."

आणि रडायला लागली. मला समजूत घालता येत नाही. मी तिची बॅग धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी इंदूरला बस बदलून धारला गेलो. मेहुणीला फोनवर मी 'अचानक गेली' एवढंच कळवलं होतं. बाराव्यालाही तिला येता आलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "या भाऊजी. आज वाट कशी चुकलात?" मग स्वतःच बोलायला लागली. "चैत्रात ती आली नाही ना, तर मी फोनवर टोचून बोलले तिला. म्हटलं, देवासच्या बाईला आता धार लांब झालं. तेच शेवटचं बोलणं. रोज आठवतं."

मी म्हणालो, "ताई, ती येत होती. मी अडवलं. तिला कॅन्सर होता. आम्हाला माहीत होतं, तिला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."

तिने पदराचा काठ चिमटीत धरला.

"मला कळवलं असतंत, तर मी आले असते. रांगत आले असते."

"हो."

"तिला खरंच काही माहीत नव्हतं?"

"ते मला आता कधीच कळणार नाही."

तिने हाताने मला खाली बसायला खुणावलं. "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

मी सांगायला लागलो. धण्या-जिऱ्याच्या पाण्यापाशी थांबलो.

"पुढे," ती म्हणाली.