बुगडीसकट बसणारा हेडसेट

हिर्डोशीची साळूबाई गिरणी चालवते आणि दळणाला गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर ट्रकची शर्यत खेळते. शर्यतीत समोर पुण्यात शिकणारी लेक शिवानी असते, आणि खेळता खेळता दोघींच्या गप्पाही होतात. परवा हेडसेटची वायर गिरणीच्या पट्ट्यात जाता जाता राहिली, म्हणून बिनवायरचा घ्यायला ती भोरला आली.

दुकानदारानं लाल-निळे दिवे लागणारे चार हेडसेट काढले. कुठलाही चढवला तरी बुगडी कानात रुतायची.

"काकू, बुगडी काढा की."

"लग्नात आईनं घातलीय. ती न्हाई निघायची, तू दुसरा काढ."

पाचवा साधा, काळा निघाला. त्याची खोलगट गादी बुगडीसकट अख्ख्या कानाभोवती बसली. साळूबाईनं तिथंच शिवानीशी शर्यत लावली. ब्रेक दाबला की लगेच आवाज येत होता आणि कान दुखत नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला.

तोच विकत घेऊन, डोक्यावर तसाच ठेवून एसटीत बसल्यावर तिनं डोक्यावरचा पदर चाचपला. हेडसेटच्या पट्टीखाली तो होता तिथंच होता.

"तुजी आजी वीस वरसं पदर सावर म्हणून वरडली," ती फोनवर शिवानीला म्हणाली, "आज हलंना बघ."