सातवी पास पेशंट

घरात लहान लेकरू असलं की फडताळात तापाच्या औषधाच्या अर्ध्या-अर्ध्या बाटल्या साचत जातात. टाकून द्याव्यात म्हणून हातात घ्यायच्या, अन् असू दे, लागतील म्हणून परत ठेवायच्या! आमच्या सेंटरमधल्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. सांगून मोकळं व्हावं म्हणते, तोवर नवा साचलेला असतो.

सेंटर म्हणजे ॲम्बुलन्सवर जाणारी पोरं-पोरी जिथं शिकतात ते. पॅरामेडिकचं. मुकुंदवाडीत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी तिथं तीन वर्षांपासून जाते. शिकायला नाही हो. पेशंट म्हणून!

*

ते असं झालं. माझी लेक आरोही दीड वर्षाची होती तेव्हा तिला तापात झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला. सासूबाई चप्पल घेऊन आल्या. अन् मी? मी तिच्या दातात चमचा घातला. सगळे घालतात म्हणून.

ॲम्बुलन्समधून माझ्याच वयाची एक पोरगी उतरली. तिनं आधी चमचा काढला, मग लेकराला कुशीवर केलं. म्हणाली, "ताई, तोंडात काही घालायचं नसतं. थांबेल आपोआप." अन् थांबला की! पण चमच्यानं पुढचा दात अर्धा तुटला होता. आरोही हसली की तो अजून दिसतो. ती लई हसते.

महिनाभरानं तिला कडेवर घेऊन मी सेंटरात गेले. काउंटरवरच्या मॅडमना म्हटलं, "मला शिकायचंय."

"बारावी सायन्स?"

"नाही."

"मग सहा महिन्यांचा कोर्स घ्या. त्याला दहावी चालते. दहावी झालीय ना?"

"सातवी."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मागं साळवे सर उभे होते, शिकवणारे. त्यांचा शिकवायचा रबरी पुतळा त्याच आठवड्यात खांद्यातून निखळला होता. हात-पाय बांधून दाखवायचे कुणावर, याची त्यांना काळजी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् म्हणाले, "ताई, सातवीवर पॅरामेडिक होता येत नाही. पेशंट होता येतं. त्याला कुठलीच अट नाही!"

*

छाती दाबायचं सोडून बाकी सगळं माझ्यावर शिकवतात. पट्ट्या, बीपी, स्ट्रेचरवर घेणं. सव्वीस वर्षांची मी, पण पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाची मावशी झाले.

सिल्लोडकडचा आकाश नावाचा पोरगा होता त्या बॅचला. सरांनी सांगितलं, "पेशंटचा डावा पाय मोडलाय, बांध." यानं लगेच उजवा पाय धरला! चांगला फळ्या-बिळ्या लावून बांधत सुटला. मला राहवंना. हळूच म्हटलं, "अरे, डावा."

सर ओरडले, "मनीषाताई! पेशंट बोलत नसतो!"

आकाश म्हणतो, "सर, पेशंट शुद्धीवर हाय, बोलणारच की!"

"शुद्धीवर हाय ना? मग बांधायच्या आधी विचारायचं होतं, बाई, कुठं दुखतंय!"

*

एकदा मला बेशुद्ध पडायचं होतं. सोपं काम. पण आरोहीला तेव्हा सर्दी होती, दोन दिवस मी नीट पडलेच नव्हते. स्ट्रेचर मऊ, वर पंखा. मी खरंच झोपले!

वर्गातली एक पोरगी माझ्याजवळ आली, कान लावून ऐकलं अन् कागदावर लिहिलं, 'श्वास घोरल्यासारखा, जीभ मागं पडलेली.' मग शिकवलं तसं तिनं माझी हनुवटी वर उचलली. मी दचकून उठले अन् ओरडले, "आरोहीचा ताप वाढला का?"

सगळा वर्ग हसला. सरांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. म्हणाले, "आजवर सगळ्यांनी नाटकातला पेशंट तपासला. हिनं खरा तपासला!"

*

ऐकून ऐकून मला सगळं यायला लागलं. घरी मी आरोहीचा श्वास मोजायची. झोपली की मोजायची, जेवली की मोजायची. आमचे हे चिकलठाण्याला कंपनीत आहेत. एकदा शिफ्टवरून आले, पाणी मागितलं, मी बोट ओठावर ठेवून म्हटलं, "थांबा, मोजणं चुकंल."

ते तसेच उभे राहिले. मोजून झाल्यावर म्हणाले, "लेकीची नाडी रोज बघती. नवऱ्याची एकदा तरी बघायची, जिवंत हाय का ते!"

*

हा किस्सा सांगताना पोरं पोट धरून हसतात. मला मात्र अजून वाईट वाटतं.

परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आलेले. आकाशला माझा हात बांधायचा होता. यावेळी त्यानं आधी विचारलं, "मावशी, कुठं दुखतंय?" मग एकदम झकास बांधला. पुठ्ठा खाली, कोपरापासून तळव्यापर्यंत, बोटं उघडी. माझा जीव भांड्यात पडला. शाब्बास म्हणायचं होतं, पण पेशंट बोलत नसतो ना! म्हणून दुसऱ्या हातानं त्याला हळूच चिमटा काढला.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, घाबरला, अन् पटपट सगळी पट्टी सोडली!

परीक्षक खुर्चीतून उठलेच. "जागेवर बांधलेलं मधेच कोण सोडतं? ते हॉस्पिटलात डॉक्टर सोडणार! मोडलेलं हाड हललं तर?" त्या प्रॅक्टिकलला आकाश नापास.

बाहेर मी विचारलं, "अरे, का सोडलंस?"

"मावशी, तुम्ही चिमटा काढला. मला वाटलं, लई घट्ट झालं!"

सहा महिन्यांनी त्यानं परत परीक्षा दिली अन् ॲम्बुलन्सवर लागला. पेढे घेऊन आला तेव्हा माझ्या पाया पडला. ते सहा महिने मी त्याला परत कुठून देणार?

*

काउंटरवरच्या मॅडम वाईट नाहीत. त्यांनीच एकदा सांगितलं, "मनीषा, बाहेरून दहावी देता येते. सतरा नंबरचा फॉर्म भर. सातवीचा दाखला असला की झालं. मग हा सहा महिन्यांचा कोर्स तुझाच."

आमच्या गावात, अजिंठ्याजवळ, शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला अजिंठ्याला जावं लागायचं. वडील म्हणाले होते, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष मी अजून बघतेच आहे.

पहिल्या साली फॉर्मची तारीख आली अन् आरोहीला ताप. तारीख गेली. दुसऱ्या साली दाखला आणायला गावाला गेले. गुरुजींनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत माझ्या नावावर आणलं अन् म्हणाले, "तू तर हुशार होतीस गं. कुठं गेली होतीस एवढी वर्षं?"

मी म्हटलं, "गुरुजी, पेशंट होते."

गुरुजी घाबरून म्हणाले, "आता बरी हायस ना?"

दाखला मिळाला, पण हेडमास्तरांची सही व्हायला आठ दिवस लागले. त्या सालचीही तारीख गेली.

मॅडम रागावल्या. "आता यंदा चुकलीस ना, तर परत माझ्याकडं येऊ नको!"

*

अन् हा यंदाचा.

फॉर्म मोबाईलवर भरून झाला होता. आता मूळ कागद फॉर्मात निवडलेल्या इथल्या शाळेत नेऊन द्यायचे राहिले होते. वाढवून दिलेल्या तारखेचाही तो शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. आरोहीला जरा कणकण होती, म्हणून सकाळी निघायचं ते साडेतीन झाले. दाखला, फोटो, आधार, सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या फाइलीत टॅगला ओवलेलं. छातीशी धरून निघाले.

शाळेचं गेट समोर दिसायला लागलं अन् माझ्यापुढंच एक म्हातारे चाचा स्कूटीवरून घसरले. कुत्रं आडवं आलं. माणसं धावली. ज्या हातावर ते पडले, एक जण तोच हात धरून त्यांना ओढायला लागला. मी ओरडले, "हात सोडा! आधी त्यांना विचारा, कुठं दुखतंय!"

माझाच आवाज मला ओळखू येईना.

"चाचा, कुठं दुखतंय?"

"बेटी, ये कलाई... हाय अल्ला!"

मनगट वाकडं झालेलं. बांधायला पाहिजे होतं, पण पुठ्ठा कुठून आणायचा? आजूबाजूला बघितलं. मग हातात बघितलं.

फाइल कागदांसकट त्यांच्या हाताखाली धरली, कोपरापासून तळव्यापर्यंत, बोटं उघडी. तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ काढला अन् आवळून बांधला. चाचांना भिंतीला टेकवून बसवलं. मीही त्यांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले, घामानं निथळत.

ॲम्बुलन्स आली. त्यातून उडी मारून कोण उतरला? आकाश! इकडं-तिकडं न बघता धावत आला, माझ्यापुढं गुडघ्यावर बसला अन् बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळायला लागला. मीही सवयीनं बाही वर केली होती!

"अरे मियाँ," चाचा म्हणाले, "मरीज मैं हूँ!"

गर्दी हसली. आकाशनं जीभ चावली. चाचांना स्ट्रेचरवर घेतलं, बोटं दाबून बघितली, बरोबर सगळं. मग बांधलेल्या हातावर त्याची नजर थांबली. फाइलीवर माझं नाव होतं, मोठ्या अक्षरात. मॅडमनी लिहून दिलेलं.

"मावशी, ही तुमची दहावीची फाइल? मॅडम सांगत होत्या, आज शेवटची तारीख ना?" त्यानं शाळेच्या गेटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सोडून देऊ का? गाडीत दुसरी फळी हाय."

सव्वाचार झाले होते. त्याचा हात स्कार्फच्या गाठीवर होता.

"हात काढ," मी म्हटलं. "मागच्या वेळी इथंच नापास झाला होतास."