नळीत बसणारी गोळी

किशोर माझा सख्खा भाचा. त्याच्याविषयी दुसऱ्या कुणी बरं लिहिलं असतं. पण त्याला ओळखणारे सगळे द्राक्षाच्या कामात बुडालेले असतात आणि रिकामा असा मी एकटाच. तेव्हा जमेल तसं लिहितो.

निफाडजवळ त्याची शेती. तरुणपणापासून त्याने एकच गोष्ट मानली, ती म्हणजे मण्याची साईज. खिशात पेन नसेल, पण मापाची प्लॅस्टिकची पट्टी असायचीच. तिला सोळा, अठरा, वीस मिलिमीटरची गोल भोकं. मणी भोकातून खाली पडला की किशोरचाही चेहरा पडायचा आणि अडकला की खुलायचा. एका लग्नाच्या पंगतीत त्याने ताटातल्या अंगूरमलाईला ती पट्टी लावलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. “अठरा पास,” म्हणाला आणि मगच तोंडात टाकली.

रस्त्याकडेची त्याची एकुलती बाग जुनी झाली तेव्हा त्याने ती उपटली. नवी लावण करायची सोडून तिथे पेंटबॉलचं मैदान काढलं. सुट्टीच्या दिवशी वायनरी बघायला जाणाऱ्या मोटारी त्याच रस्त्याने जातात, हा त्याचा हिशेब. खेळ असा की तोंडाला मुखवटा बांधायचा, अंगात जाकीट घालायचं आणि गॅसवर चालणाऱ्या गनमधून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या. गोळी लागली की फुटते आणि ज्याला लागली तो बाद. लपायला किशोरने रिकामे ड्रम आणि द्राक्षाचे क्रेट रचले होते.

त्याचे वडील गेणूतात्या, म्हणजे माझे दाजी, यांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते मैदानाच्या तोंडाशी खाट टाकून बसत.

“एक हंगाम देतो,” ते म्हणाले होते. “पाडव्यापर्यंत नाय चाललं तर तिथं द्राक्षाच्या रुटस्टॉकची रोपं लावायची. परत बाग.”

किशोरला परत बाग नको होती. कारण त्याने मला एकदाच सांगितलं. “मामा, गेल्या महिन्यात आभाळ भरून आलं तेव्हा मी जेवत होतो. उठलोच नाय, फवारायला बागच नव्हती. आभाळ भरलेलं असताना गरम भाकरी खायची आयुष्यातली पहिली वेळ.”

पण मैदान चालेना. गन समोरच्या ड्रमवर धरली तर गोळी डावीकडे जाई. दुसरी चार पावलांवर पिकल्या आंब्यासारखी गळे. तिसरी नळीतच फुटे आणि मग त्या गनमधून येणारी प्रत्येक गोळी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

“शहरातल्यांना नेमच नाय,” किशोर म्हणायचा. दाखवून द्यावं म्हणून त्याने एकदा स्वतः ड्रमवर नेम धरला. तात्यांच्या धोतरावर नारिंगी ठिपका उठला.

“मी ड्रम नाय रे,” तात्या शांतपणे म्हणाले.

अशातच नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्याची माणसं खेळायला आली. सोबत त्यांचे साहेब. खेळ संपल्यावर लखन नावाचा वेल्डर किशोरच्या बायकोकडे, ज्योत्स्नाकडे गेला. “वहिनी, तुमची गन बघून मारली तर चुकते, न बघता मारली तर आपल्याच माणसाला लागते.”

साहेब मात्र खुशीत होते. त्यांच्या जाकिटावर एक डाग नव्हता. “पोरांनी एवढा प्रयत्न केला, पण मला एक गोळी लागली नाही. चपळाई लागते हो! कॉलेजात एनसीसीत होतो.” पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ, तेव्हा व्यवस्था सुधारलेली दिसली तर येतच राहू, असं सांगून ते गेले.

तात्यांनी ते ऐकलं होतं. “ठरलं मग. त्या खेपेनंतर हीच माणसं आणखी येतो म्हणाली तर मैदान तुझं. नायतर मी रोपवाटिकेत सांगून ठेवलंय.”

ज्योत्स्नाने त्याच दुपारी पुण्याच्या गोळ्यावाल्या दुकानदाराला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मीही तिथेच होतो.

“गोळ्या ठेवता कुठे?” दुकानदाराने विचारलं.

“कोल्ड स्टोरेजला,” किशोर अभिमानाने म्हणाला. “गावच्या द्राक्षाशेजारी. माल कसा ताजा राहतो.”

दुकानदाराने ते पुन्हा एकदा वदवून घेतलं.

“साहेब, त्या गोळीचं कवच जिलेटिनचं असतं. ओल लागली की ती फुगते.”

“हो ना! लय छान फुगवण झालीय. आणल्या तेव्हा अठराच्या भोकातून खाली पडत होत्या. आता घासतायत.”

दुकानदार बिचारा सभ्य होता. त्याने समजावून सांगितलं. गोळी नळीत बेताची बसायला हवी. सैल असली की गॅस बाजूने निसटतो, कधी कमी कधी जास्त, त्यामुळे एक गोळी लांब जाते नि एक जवळ पडते. घट्ट असली की आतच फुटते, आणि नळीत रंग सांडला की मागून येणाऱ्या गोळ्या भरकटतात. “नळी काढा, आत गोळी ठेवा. आपोआप घरंगळली तर सैल. फुंकर मारल्यावर सुटली तर बरोबर. फुंकरीनेही हलली नाही तर घट्ट.”

किशोरने नळी आणली, गोळी ठेवली आणि फुंकलं. काही नाही. गाल फुगवून फुंकलं, डोळे लाल झाले, कपाळावरची शीर उठली. गोळी ढिम्म.

“सनई वाजवतो का काय रं?” तात्या खाटेवरून म्हणाले. “सूर लागंना वाटतं.”

“अहो, सोडा ती,” ज्योत्स्ना म्हणाली. “नव्या गोळ्या मागवते. आणि ह्या घरात कोरड्या डब्यात राहतील.”

“साईज कमी करायची?” किशोरचा आवाज बसला होता, फुंकून की दुःखाने, सांगता येत नाही. “मामा, मी आयुष्यात कुणाला साईज कमी करा म्हणालो नाय.”

“मग आता तुम्हाला कोण म्हणतंय? गोळीला म्हणतायत,” ज्योत्स्ना म्हणाली.

दोन दिवस तो फुगलेल्या गोळ्या पट्टीच्या भोकात घालून बघत बसला. मग नव्या गोळ्या आणि वेगवेगळ्या आतल्या मापाच्या नळ्या आल्या. तो रोज सकाळी अंगणात बसून फुंकू लागला. ही सैल, ही घट्ट, ही बरोबर. घट्ट निघालेल्या जाड गोळीला तो हळूच कुरवाळायचा आणि मग बाजूला टाकायचा. आठवड्याने त्याने मला ड्रम दाखवला. ड्रमवर हाताच्या पंजाएवढ्या जागेत सगळे ठिपके पडले होते. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण सुतक संपल्यावर पहिलं गोड खाल्लेल्या माणसासारखा.

कारखान्याची माणसं आली. साहेबांनी नवे पांढरे बूट घातले होते. खेळ सुरू झाला. लखनने पहिली गोळी मारली ती सरळ गेली आणि साहेबांच्या छातीवर फुटली. लखन गनकडे बघतच राहिला. मग सगळ्यांनाच आपापल्या गनविषयी कुतूहल वाटू लागलं. समोरच्या गटाने मारल्या ते ठीक होतं, पण साहेबांच्या स्वतःच्या गटानेही मागून मारल्या. नियमाप्रमाणे ते केव्हाच बाद झाले होते. साहेब हात वर करून “बाद, बाद” ओरडत होते. मुखवट्यामुळे ऐकू येत नाही, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. एनसीसीतली चपळाई मी पाहिली. ती ड्रमामागून क्रेटामागे आणि क्रेटामागून थेट मोटारीपर्यंत गेली.

नळावर तोंड धुताना साहेब किशोरला म्हणाले, “पहिल्या वेळची व्यवस्था जास्त बरी होती.” पुन्हा येण्याविषयी ते काही बोलले नाहीत.

तात्यांना हसू आवरत नव्हतं, तरी त्यांनी शब्द सोडला नाही. “गेलं मैदान. रुटस्टॉक.”

किशोर ड्रम पुसत राहिला. मला वाटलं काहीतरी धीराचं बोलावं. मीही एक ड्रम पुसला.

त्यानंतरच्या सोमवारी ज्योत्स्नाच्या फोनवर लखन बोलत होता. “वहिनी, आम्ही परत येतोय. कंपनीकडून नाही, आपल्या आपण. साहेब नाय येणार. पण शेजारच्या मशीन शॉपचे साहेब आहेत ना, त्यांना आणतोय. त्यांच्या हाताखालचे लय मागं लागलेत सगळे.” जरा थांबून त्याने विचारलं, “गन त्याच ना?”

ज्योत्स्नाने फोन तात्यांच्या हातात दिला. लखनने तेच पुन्हा सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं, फोन परत दिला आणि रोपवाटिकेत नको म्हणून निरोप पाठवायला सांगितला. शब्द दिला होता. “हीच माणसं” असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं.

आता अंबड-सातपूरकडून माणसं येत असतात. तात्या अजून खाटेवरच बसतात, फक्त खाट जाकिटांच्या खोक्याशेजारी सरकली आहे. गट आत शिरला की ते विचारतात, “साहेब कोण यांच्यात?” मग उठून, अदबीने, आपल्या हाताने त्यांना जाकीट घालतात. पिवळंधमक, लांबून दिसणारं.