इस्त्रीच्या वहीतलं पान

दहा वर्षांपूर्वीचा संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. वर्षातल्या चोऱ्यांचा आकडा – सात. हजर एकोणीस घरांतली एकोणीस माणसं. ज्याच्याबद्दल सभा होती, तो भानुदास मात्र नव्हता. त्याला बोलावलंच नव्हतं. त्या सभेत मी काय लपवलं, हे दहा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. सुनंदाला, माझ्या बायकोलाही नाही.

सांगलीत मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची छोटी कॉलनी आहे. चोऱ्यांची वही माझ्याकडे असते. कुणी सोपवली नव्हती – मला सवयच आहे. दूध, गॅस, इस्त्रीचे कपडे, सगळ्याची नोंद ठेवतो. भानुदास जतकडचा. त्यानं कोपऱ्यावर इस्त्रीचा गाडा लावला, आणि त्याच वर्षी आमच्याकडे सात चोऱ्या झाल्या. त्याआधी वर्षाला एखादी व्हायची. सायकली, तांब्याचा हंडा, बोअरच्या मोटरची केबल. सातवी चोरी सुनंदाच्या गळ्यातल्या मंगळसूत्राची.

सभेत मी दोन रकाने वाचून दाखवले. गाडा येण्याआधीची वर्षं, गाडा आल्यानंतरचं वर्ष. अध्यक्ष आमचे सुभेदार, सैन्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आकडं बोलत्यात गड्या, आपण कशाला बोलायचं?" आठवड्यात गाडा हलला. जाताना भानुदासनं माझे चार शर्ट तेवढे घडी घालून घरी आणून दिले.

इथवरचं कॉलनीला ठाऊक आहे. आता पुढचं – किती वेळा इथवर येऊन थांबलोय मी!

माझ्याकडे दुसरी वही होती. इस्त्रीची. सभेच्या आदल्या संध्याकाळी मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, हिशेब पक्का करायला. हंडा आणि केबल गेली त्या नऊ दिवसांत इस्त्रीच्या वहीत एकही कपडा नव्हता. समोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं – "भानुदास यात्रेला गावी." म्हणजे सातांतल्या दोन चोऱ्या झाल्या तेव्हा तो सांगलीत नव्हताच. आणि दोन त्यानं केल्या नाहीत, तर उरलेल्या पाच त्यानंच केल्या हे कशावरून?

मला उत्तर ठाऊक होतं. मी ते पान फाडलं. चार घड्या घातल्या, आणि कपाटात घराच्या कागदांखाली ठेवलं. जाळलं नाही. का जाळलं नाही? आकडा लपवता येतो मला, पुसता येत नाही – एवढंच सांगू शकतो.

पुढची तीन वर्षं वही मी खरी लिहिली. नऊ. आठ. आठ. दर वर्षी वाचून दाखवायचो आणि लोक म्हणायचे, "बाहेरची टोळी असणार." मी मान हलवायचो. कोपऱ्यावर दिवसभर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "कुणाकडं, पावणं?" असं विचारणारा एकच माणूस होता. त्याला आम्ही घालवलं होतं. हे माझ्याशिवाय कुणाला कळणार होतं?

शेवटी मिरजेत त्याला गाठलं. एका लाँड्रीत रोजंदारीवर होता. "कॉलनीला इस्त्रीवाला पाहिजे," एवढंच म्हणालो. त्यानं विचारलं, "आणि माझ्यावरचा आळ वो, अण्णा?" मी म्हणालो, "लोक विसरले." कपाटातलं पान खिशात घालून नेलं होतं. काढलं नाही. ही दुसरी वेळ.

तो आला. तीन. एक. शून्य. एक. मग शून्य, शून्य, शून्य. त्याच्या एकट्यामुळं असं म्हणणार नाही. दिवे बदलले, दोन वर्षांनी कॅमेरे आले. पण कॅमेरे येण्याआधीच आठाचे तीन झाले होते, तिनाचा एक झाला होता. शेजारच्या कॉलन्यांतले लोक वही बघायला यायला लागले. आमची गल्ली – दारात सायकल बिनकुलपाची ठेवावी अशी! त्या रकान्याकडे बघून अजूनही माझी छाती फुगते.

गेल्या महिन्यात कॉलनीनं या वहीबद्दल माझा सत्कार ठरवला. गाड्याशेजारच्या मोकळ्या जागेत मांडव, खुर्च्या. सुभेदारांनी शाल उचलली आणि मी म्हणालो, "थांबा." पान काढलं. उलगडलं. नऊ दिवस वाचले, तारखांसकट. मग समोरची नोंद. मग हे पान कुणी फाडलं, ते.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. सुभेदारांच्या हातात शाल तशीच. "अरं, म्या अध्यक्ष हुतो तवा," एवढंच ते बोलले आणि खाली बसले.

भानुदास गाड्यामागून मोठ्यानं म्हणाला, "आवं अण्णा, कागद लय थरथरतोय. आणा हिकडं."

त्यानं पान फळीवर पसरलं, वर ओलं फडकं टाकलं, निखाऱ्यांची इस्त्री फिरवली. एकदा, दोनदा. सगळी कॉलनी खुर्च्या सोडून गाड्याभोवती. "मोठ्यानं वाचा परत," तो म्हणाला, "माझी मालकीण आत्ता आली." मी परत वाचलं. त्याची बायको पदर खोचून ऐकत होती. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "धा वर्सं मी ह्येच सांगत हुते की, यात्रेत हुतो आम्ही!" आणि हसली – केवढ्यांदा हसली! सुभेदारांनी उठून तिला हात जोडले. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या. दहा वर्षांत कॉलनीत एवढ्या टाळ्या कधी झाल्या नव्हत्या.

भानुदासनं पान उजेडात धरलं. "घडीची रेघ जायची न्हाई, अण्णा. बाकी सपाट हाय. लावा वहीत."

"किती झाले?"

"शर्टाचंच द्या. कॉलर न्हाई म्हणून कमी न्हाई करणार."

पान त्याच जागी चिकटवलं आहे. आठ रुपये दिले, भानुदासला, रोख.