पूजेतला पाना

माझं डोकं लवकर तापते, हे परतवाड्यात कुणालाही विचारा. पण त्या खंडेनवमीला मी तापलो नंतर. आधी घाबरलो होतो.

छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. उतारू नेणाऱ्या एका खाजगी सर्व्हिस मोटारीच्या कारखान्यात मी मुख्य मिस्त्री होतो. खंडेनवमीला सकाळीच सगळे पाने-हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, अन् मग दसरा होईस्तोवर औजाराला हात लावायचा नाही. लावला तर वर्षभर गाडी रुसते म्हणत. मीही ते मानत होतो.

पूजा आटोपली. चिखलदऱ्याची गाडी हार घालून, उतारूंनी गच्च भरून उभी होती. ड्रायव्हर हळूच येऊन म्हणाला, "मिस्त्री, ब्रेकचं पायडल खाली जाऊन राहिलं. दोन-तीनदा दाबलं का ब्रेक लागते."

मी वाकून पाहिलं. मागच्या चाकाच्या आतून ब्रेकचं तेल गळत होतं. जाताना चढ आहे हो, पण येताना अख्खा घाट उतरायचा!

मालकाला म्हटलं, "शेठ, चाक खोला लागते."

"आज? पूजा मोडून राहिला का बे? दोनदा दाबलं का लागते ना! जाऊ दे गाडी."

"आत माणसं हायेत, शेठ."

"पान्याले हात लावला, त उद्यापासून येऊ नको."

घरची चूल डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात खिडकीतून एक बाई लेकराला गाडीचा हार दाखवताना दिसली, अन् माझं डोकं सटकलं. पाटावरचा पाना उचलला. त्यावरचं फूल खाली पडलं. उतारूंनी माझा उद्धारच केला; सण नासवला म्हणे. नासू दे!

चाक खोललं, तर आतलं रबर फाटून गेलेलं, ब्रेकचे पट्टे तेलात भिजलेले. मालक वाकून पाहत राहिला. नवं रबर अमरावतीहून आणायचं होतं, म्हणून गाडी त्या दिवशी जागची हलली नाही.

दसऱ्याला मी मुद्दाम कामावर गेलो. काढतो तर काढ म्हटलं! त्यानं काढलं नाही, पण मला सोनंही दिलं नाही. ते फार लागलं मनाला. वर्षभर आम्ही कामापुरतंच बोललो.

पुढच्या खंडेनवमीला मालक स्वतः पाटावर औजारं मांडत होता. चाक खोलायचा पाना त्यानं पुसला, अन् पाटावर न ठेवता माझ्यापुढे धरला.

"हा बाहेरच राहू दे," तो म्हणाला. "आधी गाडी पाहून ये, मंग पूजा करू."